अठ्ठेचाळिसाव्या प्रश्नाचे उत्तर: मॅक्सवेल खटल्यातील ज्युरर क्रमांक ५० आणि गृहीत पूर्वग्रह

नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील फेडरल न्यायालयात जवळपास ७०० नागरिकांनी एक छापील प्रश्नावली भरून दिली. एका मोठ्या खटल्यासाठी ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारा सामान्य नागरिकांचा गट, निवडायची होती आणि ही प्रश्नावली म्हणजे निवडीची पहिली चाळणी होती. तिच्यातला ४८ वा प्रश्न साधारण असा होता: तुम्ही स्वतः, तुमचा एखादा मित्र किंवा कुटुंबातील व्यक्ती लैंगिक छळाला, लैंगिक अत्याचाराला किंवा लैंगिक हल्ल्याला कधी बळी पडली आहे का? उत्तरासाठी तीन चौकटी होत्या. पहिली ‘होय, मी स्वतः’, दुसरी ‘होय, मित्र किंवा कुटुंबीय’ आणि तिसरी ‘नाही’. पुढे ज्युरीत बसलेल्या आणि न्यायालयाच्या कागदपत्रांत ‘ज्युरर क्रमांक ५०’ म्हणून ओळखल्या गेलेल्या एका पुरुषाने तिसऱ्या चौकटीत खूण केली. प्रत्यक्षात लहानपणी त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला होता.

खटला गिलेन मॅक्सवेल हिच्यावरचा होता. अल्पवयीन मुलींना जाळ्यात ओढून, त्यांच्या लैंगिक शोषणाचा आरोप असलेला अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन याच्या हवाली करण्यात तिने १९९४ ते २००४ या काळात मदत केली, असा सरकार पक्षाचा आरोप होता. एपस्टीनचा ऑगस्ट २०१९ मध्ये तुरुंगातच मृत्यू झाला होता आणि मॅक्सवेलला जुलै २०२० मध्ये अटक झाली. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायाधीश ॲलिसन नेथन यांच्यापुढे साक्षीपुरावा सुरू झाला. चार स्त्रियांनी आपल्या पौगंडावस्थेत काय घडले ते शपथेवर सांगितले. २९ डिसेंबरला बारा जणांच्या ज्युरीने सहापैकी पाच आरोपांवर मॅक्सवेलला दोषी ठरवले आणि एका आरोपातून मुक्त केले.

या खटल्याचा कणा स्मृती हाच होता, आणि ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय ज्युरर ५० च्या चुकीचे वजन कळत नाही. बचाव पक्षाने सुरुवातीच्या भाषणातच आपली दिशा स्पष्ट केली होती. या स्त्रियांच्या आठवणी वीस-पंचवीस वर्षांत बदलत गेल्या आहेत, इतरांच्या बोलण्याने त्यांना आकार आला आहे आणि नुकसानभरपाईच्या पैशानेही त्यावर परिणाम केला आहे, असे बचावाचे म्हणणे होते. त्यासाठी स्मृतीच्या अभ्यासक म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या एलिझाबेथ लॉफ्टस यांची साक्ष बचाव पक्षाने घेतली. सरकार पक्षाने आपल्या बाजूने एका मानसशास्त्रज्ञ स्त्रीला उभे केले होते. मुलांचा विश्वास संपादन करून त्यांना हळूहळू कसे वळवले जाते आणि असे अत्याचार पीडित व्यक्ती अनेक वर्षे का बोलून दाखवत नाही, हे तिने सांगितले. म्हणजे ज्युरीपुढचा खरा प्रश्न असा होता की, अत्याचाराच्या आठवणीत काही दुवे निखळलेले असले, काही तपशील मागेपुढे झालेले असले, तर त्या आठवणीवर विश्वास ठेवायचा की नाही?

निकालानंतर आठवडाभरातच, जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला, ज्युरर ५० ने वृत्तपत्रांना मुलाखती दिल्या. आपणही लहानपणी अत्याचार सोसला आहे आणि ज्युरीच्या खोलीत चर्चा चालू असताना आपण ते इतरांना सांगितले, असे तो म्हणाला. आपल्याला त्या प्रसंगातल्या काही गोष्टी लख्ख आठवतात आणि काही अजिबात आठवत नाहीत, म्हणून पीडितेच्या आठवणीत पोकळ्या राहणे स्वाभाविक आहे, हे सहकाऱ्यांच्या गळी उतरवायला आपल्या अनुभवाची मदत झाली, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. हे वाचताच सरकारी वकिलांनी स्वतःहून न्यायाधीशांना पत्र लिहून चौकशीची विनंती केली, ही गोष्ट त्यांच्या श्रेयाची म्हणावी लागेल. हातात आलेला निकाल टिकवण्यासाठी गप्प बसण्याचा मोह मोठा असतो. बचाव पक्षाने १९ जानेवारीला नव्याने खटला चालवण्याची मागणी केली.

न्यायाधीश नेथन यांनी फेब्रुवारीच्या अखेरीस ज्युररची चौकशी करण्याचा आदेश दिला. निवडीच्या वेळी चुकीचे विधान झाले आहे, याचा स्पष्ट आणि भक्कम पुरावा समोर असल्याने चौकशीवाचून गत्यंतर नाही, असे त्यांनी नोंदवले. ८ मार्च २०२२ रोजी तो ज्युरर साक्षीला उभा राहिला. स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी लागू नये यासाठीचा घटनादत्त हक्क तो वापरणार असल्याने त्याला आधी कायदेशीर अभय द्यावे लागले. त्याने सांगितलेले थोडक्यात असे: प्रश्नावली भरायच्या आधी बराच वेळ ताटकळत बसावे लागले होते, मन वैयक्तिक कारणांनी अस्वस्थ होते, सातशेंतून आपली निवड होईल असे वाटलेच नव्हते, त्यामुळे त्याने प्रश्न भरभर वाचून उत्तरे देऊन टाकली. अठ्ठेचाळिसाव्या प्रश्नात ‘मी स्वतः’ असा पर्याय आहे, हे त्याच्या डोक्यातच शिरले नाही. आपण ‘बळी’ आहोत असे लेबल तो स्वतःला लावत नसे, आणि त्यामुळे गुन्ह्याला बळी पडण्याविषयीच्या आणखी एका प्रश्नालाही त्याने ‘नाही’ म्हटले होते. ही आपल्या आयुष्यातली फार मोठी चूक आहे, असे तो म्हणाला.

आता कायदा काय पाहतो ते पाहू.

अमेरिकी राज्यघटनेची सहावी दुरुस्ती आरोपीला निःपक्षपाती ज्युरीचा हक्क देते. अमेरिकेतली फेडरल अपील न्यायालये ‘सर्किट’ नावाच्या विभागांत वाटलेली आहेत. न्यूयॉर्कचा प्रदेश ज्याच्या कक्षेत येतो ते दुसऱ्या सर्किटचे अपील न्यायालय ज्युररच्या पूर्वग्रहाचे तीन प्रकार मानते. १९९७ च्या टोरेस निकालात ते नीट मांडले आहेत. पहिला म्हणजे प्रत्यक्ष पूर्वग्रह. ज्युरर स्वतः कबूल करतो, किंवा त्याच्या बोलण्यावागण्यातून उघड दिसते, की त्याचे मन आधीच झुकलेले आहे. दुसरा गृहीत पूर्वग्रह. इथे ज्युररच्या मनात काय आहे हे कायदा विचारतच नाही. त्याची परिस्थितीच अशी असते की त्या जागी बसलेला सर्वसामान्य माणूस झुकलेला असणारच, असे कायदा धरून चालतो. ज्युररने शंभरदा शपथ घेतली तरी ऐकून घेत नाही. तिसरा अनुमेय पूर्वग्रह. परिस्थिती इतकी टोकाची नसते, पण उघड झालेल्या वस्तुस्थितीवरून पूर्वग्रहाचा धोका पुरेसा आहे असे न्यायाधीशांना वाटले, तर ते आपल्या विवेकाने ज्युररला दूर करू शकतात. टोरेस खटल्यातली ज्युरर या तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण होती. बँकेला अहवाल द्यावा लागू नये म्हणून रोख रक्कम तुकड्यातुकड्यांनी भरण्याच्या व्यवहारांचा आरोप खटल्यात होता, आणि तिने स्वतः तशा प्रकारचे व्यवहार केल्याचे निवडीच्या वेळी पुढे आले. न्यायाधीशांनी तिला वगळले आणि अपील न्यायालयाने ते योग्य ठरवले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला फरक बारीक आहे, पण या प्रकरणाचा निकाल त्याच फरकावर उभा आहे. अनुमेय पूर्वग्रहात न्यायाधीश ज्युररला काढू शकतात. गृहीत पूर्वग्रहात काढावेच लागते.

गृहीत पूर्वग्रहाची कक्षा किती रुंद, याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कधीच सैल हाताने दिलेले नाही. १९८२ च्या स्मिथ विरुद्ध फिलिप्स खटल्यात, खटला चालू असतानाच ज्या सरकारी वकिलाच्या कार्यालयाने तो चालवला होता तिथे एका ज्युररने नोकरीसाठी अर्ज केला होता, आणि तरीही बहुमताने पूर्वग्रह गृहीत धरला नाही. त्याच निकालात न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी स्वतंत्र मत लिहून काही टोकाच्या परिस्थिती सांगितल्या. ज्युरर सरकारी वकिलाच्याच कार्यालयाचा नोकर निघाला, खटल्यातल्या कोणाचा जवळचा नातेवाईक निघाला, किंवा गुन्ह्याच्या घटनेचा साक्षीदार अथवा त्यात कोणत्याही प्रकारे गुंतलेला निघाला, तर पूर्वग्रह गृहीत धरावा, असे त्यांचे म्हणणे होते. या यादीकडे नीट पाहिले तर त्यातली प्रत्येक गोष्ट हे या विशिष्ट खटल्याशी असलेले नाते आहे. ‘असाच अनुभव मलाही आला होता’ हे त्यात कुठेच नाही.

वैयक्तिक अनुभवाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे दोन वर्षांनी आला, आणि तोही गवत कापण्याच्या यंत्रामुळे. १९८४ चा मॅकडोनो पॉवर इक्विपमेंट विरुद्ध ग्रीनवुड हा खटला दिवाणी होता. चालकाने बसून चालवायच्या गवत कापणाऱ्या यंत्राच्या पात्यांत एका लहान मुलाचे पाय सापडले होते आणि त्याच्या पालकांनी यंत्र बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला होता. कुटुंबात कोणाला दुखापत होऊन अपंगत्व किंवा दीर्घकाळ वेदना सोसाव्या लागल्या आहेत का, असे ज्युरीच्या उमेदवारांना विचारले गेले तेव्हा एक जण गप्प राहिला. त्याच्या मुलाचा पाय ट्रकचा टायर फुटून मोडला होता. ती दुखापत या प्रश्नात बसते असे त्याला वाटले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने नव्याने खटला नाकारला आणि दुहेरी कसोटी घालून दिली: ज्युररने महत्त्वाच्या प्रश्नाला अप्रामाणिक उत्तर दिले होते हे दाखवावे, आणि प्रामाणिक उत्तर मिळाले असते तर त्याला कारण दाखवून वगळता आले असते हेही दाखवावे. तरीही त्याच निकालातल्या दोन स्वतंत्र मतांत, मिळून पाच न्यायमूर्तींनी, असे सांगितले की उत्तर प्रामाणिक असले तरी पूर्वग्रह सिद्ध करण्याची वाट बंद होत नाही.

मॅक्सवेलच्या वकिलांनी याच वाटेवर भर दिला. खोटे मुद्दाम होते की नकळत, याने काय फरक पडतो? चुकीच्या उत्तरामुळे पुढचे प्रश्न विचारायची संधीच हिरावली गेली, आणि ज्युररचा अनुभव साक्षीदारांच्या अनुभवाशी इतका मिळताजुळता होता की त्याला निःपक्षपाती मानणे शक्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१ एप्रिल २०२२ रोजी न्यायाधीश नेथन यांनी सुमारे ४० पानांचा निर्णय देऊन मागणी फेटाळली. दुसऱ्या सर्किटच्या निवाड्यांप्रमाणे मॅकडोनोच्या दुहेरी कसोटीतल्या पहिल्या पायरीसाठी उत्तर हेतुपुरस्सर खोटे असावे लागते, आणि तसे ते नव्हते, असा त्यांचा पहिला निष्कर्ष होता. हा माणूस ज्युरीत शिरण्यासाठी खोटे बोलला असता, तर निकालानंतर आपल्या छायाचित्रासह वृत्तपत्रांकडे जाऊन तीच गोष्ट उघड करून बसला नसता, हा तर्क मला पटणारा वाटतो. लपवणारा माणूस असे वागत नाही.

पण मूळ प्रश्नावरचा त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. समजा, त्याने पहिल्या चौकटीत खूण केली असती, तर काय झाले असते? याचे उत्तर त्यांना कल्पनेने द्यावे लागले नाही, कारण प्रश्न ४८ ला ‘होय’ म्हणणारे इतर उमेदवार त्याच दालनात येऊन गेले होते. त्यांना पुढचे प्रश्न विचारले गेले होते. अनुभव असूनही आपण केवळ पुराव्यावर निर्णय देऊ असे ज्यांनी विश्वासार्हपणे सांगितले, ते त्या कारणाने अपात्र ठरले नाहीत, आणि त्यांच्यापैकी काहींविरुद्ध बचाव पक्षाने तशी हरकत घेतलीही नव्हती. ज्युरर ५० ने ८ मार्चला दिलेली उत्तरे याच धाटणीची होती. शिवाय लैंगिक अत्याचार सोसलेली प्रत्येक व्यक्ती अशा खटल्यात आपोआप अपात्र ठरवली, तर समाजाचा फार मोठा भाग ज्युरीतून बाहेर फेकला जाईल. त्याला कायद्यात आधार नाही, असे न्यायाधीशांनी स्पष्ट केले.

या मुद्द्यावर मी थोडा थांबतो, कारण इथे मला न्यायाधीश नेथन यांचे म्हणणे पूर्णपणे योग्य वाटते. ज्या माणसाच्या घरी घरफोडी झाली, ज्या बाईची सोनसाखळी ओढली गेली, ज्याचा भाऊ दारूड्या चालकाच्या गाडीखाली गेला, त्या सगळ्यांना आपण ‘अनुभव असलेले’ म्हणतो आणि ज्युरीत बसवतो. अनुभव नसलेला माणूस तटस्थ असतो, हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. ज्याच्यावर कधी अत्याचार झाला नाही, त्याच्याही डोक्यात ‘खरेच झाले असते तर ती तेव्हाच बोलली असती’ अशी समजूत घट्ट बसलेली असू शकते. तोही एक पूर्वग्रहच आहे. फरक इतकाच की त्याच्यासाठी प्रश्नावलीत चौकट नसते. एका अनुभवाला पूर्वग्रह म्हणायचे आणि त्या अनुभवाच्या अभावाला निःपक्षपातीपणा म्हणायचे, ही मोजमापाची पद्धत सोसलेल्या माणसावर अन्याय करणारी आहे.

तरीही न्यायालयांनी वैयक्तिक अनुभवावरून गृहीत पूर्वग्रह कधी मानलाच नाही, असे नाही. १९९१ चा बर्टन विरुद्ध जॉन्सन हा न्यू मेक्सिकोतला खटला पाहा. खुनाच्या आरोपाखालच्या एका स्त्रीचा बचाव घरातल्या छळावर उभा होता. ज्युरीतली एक स्त्री त्याच काळात स्वतः घरी मारझोड सोसत होती आणि निवडीच्या वेळी तिने ते सांगितले नव्हते. दहाव्या सर्किटने आरोपीच्या बाजूने निकाल दिला. पाच वर्षांनी, गोन्झालेस विरुद्ध थॉमस या खटल्यात, त्याच न्यायालयापुढे बलात्काराचे प्रकरण आले. त्यात एक ज्युरर स्वतः पूर्वी बलात्कार सोसलेली निघाली, आणि तिथे मात्र न्यायालयाने पूर्वग्रह गृहीत धरायला नकार दिला. वरवर पाहता हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात. मला त्यांच्यातली सीमा अशी दिसते: पहिल्या खटल्यातल्या ज्युररची जखम त्या क्षणीही वाहत होती. ती रोज संध्याकाळी त्याच परिस्थितीत परत जात होती. दुसऱ्या खटल्यातल्या ज्युररचा अनुभव मागे पडला होता आणि तिने त्याच्याशी जगणे जुळवून घेतले होते.

नवव्या सर्किटचा १९९८ चा डायर विरुद्ध कॅल्डेरॉन हा निकाल तिसरी बाजू दाखवतो. फाशीची शिक्षा झालेल्या त्या खून खटल्यात एका ज्युररच्या भावाचा खून झाला होता. निवडीच्या वेळी तिने ते सांगितले नाही, आणि नंतर विचारल्यावर तो अपघात होता असे आपल्याला वाटत होते, असे सांगितले. न्यायालयाने गृहीत पूर्वग्रह मानला, पण त्याची भिस्त भावाच्या मृत्यूपेक्षा तिच्या खोटेपणावर होती. ज्युरीत राहण्यासाठी जो माणूस इतके खोटे बोलतो, त्याला त्या खुर्चीची गरज का आहे, हा प्रश्न न्यायालयाला स्वस्थ बसू देईना. न्यूयॉर्कमध्येही असे घडले आहे. करचुकवेगिरीच्या योजनांसंबंधीच्या डॉगर्डास खटल्यात एका ज्युररने आपण निलंबित वकील असल्याचे आणि इतरही बऱ्याच गोष्टी लपवून निवडीसाठी खोटी प्रतिमा उभी केली होती, आणि बहुतेक आरोपींना नव्याने खटला मिळाला. या दोन प्रकरणांशेजारी ज्युरर ५० ला ठेवले की त्याची चूक निष्काळजीपणाची होती, डावपेचाची नव्हती, हे अधिक ठळक होते.

मग माझ्या मनातली अस्वस्थता कशाबद्दल आहे?

ती ज्युरीच्या बंद खोलीबद्दल आहे. मुलाखतीत ज्युररने सांगितलेला सर्वांत वजनदार भाग, म्हणजे आपल्या आठवणीच्या आधारे इतरांना समजावणे, याची तपासणी न्यायालयाने केलीच नाही. करताही आली नसती. फेडरल पुरावा नियम ६०६ प्रमाणे ज्युरीतल्या चर्चेविषयी ज्युररची साक्ष घेता येत नाही. बाहेरून आलेली माहिती, बाहेरचा दबाव आणि निकालपत्र भरताना झालेली चूक एवढेच अपवाद नियमात आहेत. २०१७ च्या पेन्या-रोड्रिगेज निकालाने वांशिक द्वेषाच्या उघड विधानांचा अपवाद त्यात जोडला. २०१४ मध्ये वॉर्गर विरुद्ध शॉअर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, निवडीच्या वेळी ज्युरर खोटे बोलली हे सिद्ध करण्यासाठीसुद्धा खोलीतल्या चर्चेचा पुरावा चालणार नाही. ते प्रकरण साउथ डकोटातल्या एका रस्ता अपघाताच्या भरपाईचे होते. आपल्या मुलीच्या हातून झालेल्या प्राणघातक अपघाताबद्दल तिच्यावर दावा झाला असता तर तिचे आयुष्य उद्ध्वस्त झाले असते, असे ज्युरीची प्रमुख चर्चेत म्हणाल्याचे दुसऱ्या ज्युररने सांगितले होते. न्यायालयाच्या मते असा वैयक्तिक अनुभव ही ‘बाहेरची’ माहिती नव्हे. तो ज्युरर आपल्याबरोबर खोलीत घेऊनच येतो.

नियमाचे कारण मला मान्य आहे. प्रत्येक निकालानंतर ज्युररांना ओढून आणून कोण काय म्हणाले याची उलटतपासणी होऊ लागली, तर खोलीत कोणी मोकळेपणी बोलणार नाही आणि कोणताही निकाल अंतिम राहणार नाही. पण मॅक्सवेल खटल्यात याचा परिणाम काय झाला? स्मृतीविषयी बचावाच्या आणि पीडितांच्या वागण्याविषयी सरकार पक्षाच्या तज्ज्ञाने शपथेवर साक्ष दिली, त्यांची उलटतपासणी झाली. मग बंद खोलीत एका माणसाने स्मृतीच्याच विषयावर, शपथेविना आणि उलटतपासणीविना, आपल्या आयुष्याच्या बळावर मत मांडले, आणि त्याच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे ते ऐकले गेले. जीवनानुभव वापरा, असे न्यायाधीश ज्युरीला सांगतातच. तो वापरणे आणि तज्ज्ञाची जागा घेणे यांच्यातली रेघ कायद्याने ओढलेली नाही, आणि ६०६ चा नियम असेपर्यंत ती ओढण्याची जागाच उपलब्ध नाही.

मराठी वाचकाला हे जरा अनोळखी वाटेल, कारण आपल्याकडचा न्यायाधीश निकालाबरोबर कारणे लिहितो. साक्षीदाराच्या आठवणीतल्या विसंगतीकडे त्याने का दुर्लक्ष केले, हे निकालपत्रात वाचता येते आणि अपिलात तपासता येते. ज्युरी मात्र ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढेच सांगते. मुंबईच्या नानावटी खटल्यात १९५९ साली नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी ‘निर्दोष’ म्हटले, पण का, हे कोणालाच विचारता आले नाही. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो निकाल पटला नाही, म्हणून त्यांनी तो उच्च न्यायालयाकडे पाठवला. तशी सोय आपल्या तेव्हाच्या फौजदारी संहितेत होती. अमेरिकी न्यायाधीशाला दोषी ठरवणारा निकाल पुराव्याअभावी रद्द करता येतो, पण ज्युरीने कसा विचार केला हे उघडून पाहता येत नाही. १९७३ च्या संहितेनंतर आपल्या फौजदारी न्यायालयांत ज्युरी उरली नाही. पारशी विवाह न्यायालयांतील प्रतिनिधींची पद्धत तेवढी शिल्लक आहे.

म्हणूनच, जिथे खोलीचे दार बंद आहे, तिथे सगळी भिस्त उंबरठ्यावरच्या तपासणीवर असते. वकिलांच्या हाती उंबरठ्यावर दोन अधिकार असतात. एक, कारण दाखवून हरकत घेण्याचा. त्याला मर्यादा नाही, पण कारण न्यायाधीशांना पटावे लागते. दुसरा, कारण न देता नकार देण्याचा. गंभीर गुन्ह्याच्या फेडरल खटल्यात बचाव पक्षाला असे साधारणपणे १० नकार मिळतात आणि सरकार पक्षाला ६. ज्युरर ५० ने खरे उत्तर दिले असते तर न्यायाधीशांनी त्याला काढले नसते, हे मी मान्य करतो. पण ज्या खटल्याचा सगळा बचाव ‘आठवणीवर विसंबू नका’ या वाक्यावर उभा होता, त्या खटल्यातल्या कोणत्याही वकिलाने आपल्या दहा नकारांपैकी एक त्याच्यासाठी राखून ठेवला असता, याबद्दल मला शंका नाही. मॅकडोनोची कसोटी या नुकसानीला नुकसान मानत नाही. कारण दाखवून वगळता आले असते का, एवढेच ती विचारते. सर्वोच्च न्यायालयाचा यामागचा विचार व्यवहारी आहे. हजारो खटल्यांत कुठे ना कुठे कोणी ना कोणी चुकीची चौकट भरतो, आणि प्रत्येक वेळी आठवड्यांची सुनावणी पुसून टाकता येत नाही. या खटल्यात तर पुन्हा साक्ष द्यावी लागली असती ती त्या चार स्त्रियांनाच. हे ओझे मी हलके मानत नाही. तरीही, आरोपीने गमावलेली गोष्ट काय होती हे स्वच्छ शब्दांत मान्य करून मग ती अपुरी ठरवणे आणि ती गमावलीच नाही असे म्हणणे, यांत फरक आहे. निर्णयात पहिली गोष्ट अधिक ठसठशीत व्हायला हवी होती, असे मला वाटते.

प्रश्नावलीच्या रचनेविषयीही बोलले पाहिजे, कारण चुकीचे मूळ तिथेच आहे. एका वाक्यात ‘तुम्ही, मित्र किंवा कुटुंबीय’ अशी तीन माणसे आणि ‘छळ, अत्याचार किंवा हल्ला’ अशा तीन गोष्टी बांधल्या की नऊ प्रश्न एका दमात विचारल्यासारखे होतात. थकलेला वाचक त्यांतला एखादा गाळतो. शिवाय ‘बळी’ हा शब्द कायद्याला सोपा वाटतो. सोसलेल्या माणसाला तो स्वतःला लावून घेणे सोपे नसते. अनेकांनी तो शब्द अंगाला लागू नये म्हणूनच वर्षानुवर्षे कष्ट घेतलेले असतात. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या आपल्याकडच्या मंडळींच्या पत्रपेटीतही ज्युरीचे बोलावणे येते, आणि ज्या घरांत असे विषय मोठ्याने बोललेच जात नाहीत त्या घरांतून आलेल्या माणसासाठी ही चौकट किती जड असेल, याची कल्पना आपल्याला सहज यावी. घडलेली गोष्ट साध्या शब्दांत विचारली, स्वतःबद्दलचा प्रश्न वेगळा ठेवला आणि उत्तर न्यायाधीशांच्या दालनात खासगीत देण्याची मुभा कागदावर ठळकपणे सांगितली, तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

मॅक्सवेलला २८ जून २०२२ रोजी २० वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. ज्युररचा मुद्दा दुसऱ्या सर्किटपुढे पुन्हा मांडला गेला, आणि १७ सप्टेंबर २०२४ रोजी त्या न्यायालयाने नव्याने खटला नाकारताना न्यायाधीश नेथन यांनी विवेकाधिकाराचा गैरवापर केला नाही, असे सांगून शिक्षा कायम केली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाकडे गेलेल्या अर्जात फ्लोरिडातील सरकारी वकिलांनी एपस्टीनशी केलेल्या जुन्या कराराचा प्रश्न होता. ज्युरर ५० चा नव्हता. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी तो अर्जही विचारात न घेता फेटाळला गेला.